परचक्राचा खेळ
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परचक्र आल्यास नागरिकांनी काय करावे, याचा प्रयोग आपल्या मुलुंडच्या विद्यार्थ्यांनी आज करून दाखविला. तारा तोडणारे पुष्कळ निघाले. तंटे मिटविणारा मात्र एकही नाही! सातारच्या प्रतिसरकारने १९४३ मध्ये शेणोलीजवळ आगगाडी लुटली, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु इंग्रजांस खरी अडचण, आमच्या मते, निराळीच झाली. क्रांतिसिंह नाना पाटील व त्यांचे सहकारी यांच्या न्यायदान मंडळांत गावचे तंटे गावातच मिटू लागले. सरकारी कोर्टाची पायरी चढण्याचे कारण उरेना. लग्नेही अल्प खर्चात लागत. मात्र फितुरांच्या व गुंडांच्या तळपायांवर काठ्या बसत, हेही मुलांस सांगितलेच पाहिजे. पुढील प्रयोगात पंच कोणी व्हावे आणि शिक्षा कोणती द्यावी, हे तुम्ही आधी ठरवा.