मधल्या गुणांची मुले आणि सरकारी कॉलेजे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मला बोलायला उभे केले, हा मंडळाचा लोभ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझ्या घरची दोन मुले बारावी होऊन बाहेर पडली, आणि शेजारच्या मुलांचे अर्ज भरतानाही मी जवळ बसले. त्यातून जे समजले तेवढेच सांगते.

पहिल्या नंबराच्या मुलांची काळजी जग करते. आपल्या बहुतेकींची मुले मधली आहेत. अभ्यासाला बरी, मेहनती, पण यादीत वर नाव नाही. अशा मुलाला पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय मिळाले नाही की घरात सुतक आल्यासारखे होते, आणि आठ दिवसांत वडील खाजगी कॉलेजसाठी कर्ज काढायला निघतात. या दोहोंच्या मध्ये पुष्कळ वाटा आहेत, त्या आधी पाहाव्यात.

प्रथम निकाल नीट समजून घ्या. सीईटीचे ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९० गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतले ९० जण आपल्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लाखो मुले बसतात, तेव्हा पुढे राहिलेले दहा टक्केसुद्धा हजारोंनी असतात. म्हणून पेढे वाटण्यापूर्वी आणि रडण्यापूर्वीही मागच्या वर्षीची कट-ऑफची यादी पाहावी.

ती यादी पाहून घाबरू नका. तिच्यातील अक्षरे ओळखली की झाले. आरंभी ‘जी’ असेल तर ती जागा सर्वांसाठी, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. शेवटी ‘एच’ म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या भागातील मुलांची जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या मुलांची, आणि ‘एस’ म्हणजे साऱ्या राज्याची. आपले सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. मुलीचे कॉलेज पाहताना ‘एल’ची ओळ न चुकता पाहा; ती बहुधा थोडी खाली उतरते.

आता कॉलेजे. कराडचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० सालचे, छत्रपती संभाजीनगरचेही त्याच सालचे, अमरावतीचे १९६४ चे. जळगाव आणि चंद्रपूरची १९९६ ची. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाची संस्था १९८१ पासून आहे, आणि रायगडात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. सांगलीचे वालचंद १९४७ चे, अनुदानित आणि नावाजलेले. तिथली यादी बरीच वर बंद होते. गाव लहान म्हणून कॉलेज हलके असे समजू नका. कोणत्याही कॉलेजची निवड करताना मी चार गोष्टी विचारते: हव्या त्या शाखेला एनबीएची मान्यता आहे का? वसतिगृहात जागा मिळेल का? शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत का? आणि मागच्या वर्षी त्याच शाखेची किती मुले नोकरीला लागली? संपूर्ण कॉलेजचा एकच मोठा आकडा सांगतात, त्यावर समाधान मानू नका.

शाखेचेही तसेच. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा असतो, म्हणून ती यादी वर बंद होते. त्याच कॉलेजात सिव्हिल पुष्कळदा खाली मिळते. मुलाला बांधकामाची, यंत्राची आवड असेल तर ते कमी नव्हे. आवड नसेल तर मात्र नुसत्या कॉलेजच्या नावासाठी त्याला तिथे बसवू नये.

खर्चाचा हिशेब आपण बायकांनी करावा. सरकारी म्हणजे फुकट नव्हे; फी, खोली, मेस, प्रवास सारे मांडावे. समजा खाजगीची फी वर्षाला १ लाख २० हजार. चार वर्षांचे ४ लाख ८० हजार झाले, त्यावर व्याज वेगळे. त्यापुढे सरकारी कॉलेजचा चार वर्षांचा आकडा लिहा आणि मग घरात बोला.

मला सर्वांत जास्त सलते ते आता सांगते. सारखेच गुण असलेल्या भावासाठी शेत गहाण पडते, आणि बहिणीला सांगतात, “तू जवळच्या कॉलेजात बी.ए. कर.” पैसा नाही हे कारण आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४ पासून राज्य सरकार पूर्ण भरते; पूर्वी निम्मी भरत असे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवा. दाखल्यासाठी जागा गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

याशिवाय दोन वाटा आहेत. दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. मध्येच नोकरी लागली तरी हातात काही असते. दुसरी वाट बी.एस्सी.ची. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० पासूनचे, सरकारी. सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे. तिथून एम.एस्सी.ला जाता येते, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीवर राज्यसेवेच्या परीक्षेलाही बसता येते.

फॉर्म भरताना एक लक्षात ठेवा. पहिल्या पसंतीचे कॉलेज पहिल्याच फेरीत मिळाले की तीच जागा कायम होते. म्हणून जिथे खरोखर जायचे तेच वर लिहा, आणि खाली खात्रीची दोन-तीन नावे असू द्या. फेऱ्यांचे बाकी नियम दरवर्षी नव्याने वाचावेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. निकालाच्या दिवसांत आठवड्यातून एक दुपार हळदीकुंकवाऐवजी या कामाला द्यावी. ज्यांच्या मुलांनी प्रवेश घेतला आहे त्यांनी यावे, ज्यांची मुले आता जाणार त्यांनी विचारावे. चहा मी करीन.