बाळ वलसाडला, आई बोईसरला



अंगावर पाजण्याचा विषय निघाला की पुरुष मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालतात. म्हणून आज मी मुख्यतः तुमच्याशीच बोलणार आहे.

आपल्या पट्ट्यात अवघड बाळंतपण कसं होतं, ठाऊक आहे ना? सिझर पालघर-बोईसरला होतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं, त्याला श्वास नीट घेता येत नसला की वलसाड, सिल्वासा नाहीतर मुंबई. आई टाके सांभाळत इथेच. तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." पावडरचा डबा येतो, आणि मग ते वाक्य खरं होऊन बसतं.

सिझरनंतर किंवा जास्त रक्त गेल्यावर दूध भरायला उशीर होऊ शकतो. पण चीक पहिल्या दिवसापासून असतो. थेंब-थेंब असतो, आणि पहिल्या दिवशी बाळालाही एका वेळी चमचाभरच लागतं. छाती रिकामी होत राहिली तरच शरीर पुढचं दूध बनवतं. मागणीच आली नाही तर पुरवठा बंद, हे आम्हा संगणकवाल्यांना वेगळं सांगायला नको. बाळ जवळ नसेल तर ती मागणी हाताने करायची: शक्यतो पहिल्या सहा तासांत सुरुवात, मग दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा दूध काढायचं, रात्रीही. दोन थेंब निघाले तरी ते टाकू नका, पाठवा.

पाठवणार कोण? बाप. वाटी-चमचा उकळणं, बर्फाची पेटी, गाडी पकडणं ही त्याची ड्युटी. काढलेलं दूध साध्या तापमानाला चारेक तास टिकतं, पण मे महिन्यातल्या बोईसरमध्ये त्या हिशोबावर जाऊ नका, बर्फातच ठेवा. नाजूक बाळांसाठी नियम आणखी कडक असतात, ते तिथल्या सिस्टरना विचारा. डॉक्टरांनी परवानगी दिली की आईला तिकडे न्या, बाळ तिच्या उघड्या छातीशी राहू द्या. तोवर बाटलीपेक्षा चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं.

घरचे मध चाटवायला येतील. वर्षाच्या आत मध नाही. त्यातून होणारा बोट्युलिझम तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततो.

आता नाजूक मुद्दा. सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. आपल्याकडे प्रश्न येतो रजाअतचा: अनेक आयांचं दूध एकत्र, मग दूधभावंडं कोण? युसूफ अल-करजावी यांनी अशा पेढीला मुभा दिली, जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने 1985 मध्ये विरोध केला. म्हणजे मतभेद आलिमांतच आहेत. माझं मत विचाराल तर किलोभराच्या बाळासाठी, आईचं दूध येईपर्यंत, मी मुभा देणाऱ्यांच्या बाजूने आहे.

आणि सूरह बकराची 233वी आयत पूर्ण वाचा. दोन वर्षं पाजण्याचं सगळे सांगतात. पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, मुलापायी आईला त्रास होऊ नये, दूध तोडायचं तर दोघांनी मसलत करून, हेही त्याच आयतीत आहे.

घरात कुणाला आठवा महिना लागला असेल तर या आठवड्यातच दवाखान्यात विचारून ठेवा: बाळ हलवलं तर कुठे, आणि तिथे आईचं काढलेलं दूध घेतात का?