बाकांवरचे सोबती

१८४६ साली स्टीफन हिस्लॉप यांनी नागपुरात इंग्रजी शिक्षणाची शाळा उघडली तेव्हा येथे भोसल्यांचेच राज्य होते. परंतु शहरातील जुन्या शाळांचे माजी विद्यार्थी एकत्र जमले, की विषय सनावळीचा नव्हे, तर शिक्षकांच्या करारी मुद्रेचा आणि सोबत्यांच्या धारिष्ट्याचा निघतो.

या धारिष्ट्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग नील सिटी हायस्कुलातला. वंगभंगानंतरच्या त्या प्रक्षुब्ध दिवसांत सरकारी इन्स्पेक्टर तपासणीसाठी वर्गावर्गांतून फिरू लागले असता मुलांनी ‘वंदे मातरम्’च्या घोषाने त्यांचे स्वागत केले, शाळा काही काळ बंद पडली, माफीच्या वाटाघाटी झाल्या, आणि पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणाऱ्या केशव बळीराम हेडगेवारांनी माफी नाकारून यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेची वाट धरली.

नाव कमी केल्याची नोंद शाळेचे दप्तर एका ओळीत उरकते. घोषणा आधी कोणत्या वर्गातून उठली, घरी वडिलांसमोर कोणी काय जबाब दिला, हे मात्र बाकावरच्या सोबत्यांनाच ठाऊक असते. म्हणून वृद्धांच्या अशा आठवणी, त्यांच्या हयातीतच, नातवंडांनी अवश्य लिहून घ्याव्यात.