भय समजून घेतले की आवरते
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



भीती वाटणे यात कमीपणा नाही. वाटेत साप दिसला की पाऊल आपोआप मागे येते, छाती धडधडते, घसा कोरडा पडतो. जीव वाचविण्यासाठी देहाने केलेली ती तयारी असते. पण संकट टळल्यावरही ही तयारी उतरत नाही, तेव्हा माणसाचे जिणे अवघड होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा.

किल्लारीचे उदाहरण घ्यावे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सरकारी नोंदीप्रमाणे साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. जी वाचली, ती घराला भ्याली. भिंती उभ्या असूनही आत झोपण्याचा धीर होईना. लोकांनी उघड्यावर आणि पत्र्याच्या निवाऱ्यात रात्री काढल्या.

ही भीती खोटी नव्हती. बहुतेक माणसे गेली ती घराखाली सापडून. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती एकसंध नव्हत्या आणि वर माळवदाच्या मातीचा मोठा भार होता. हे कारण उमगले तेव्हा उपायही दिसला. भिंतीत आरपार जोडदगड बसवावे, भोवती काँक्रीटचा पट्टा घ्यावा, माळवदावरची माती कमी करावी. हे ज्ञान घरोघर पोचविण्यासाठी गावातल्याच स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. घर कशाने पडते आणि कशाने टिकते हे कळले, म्हणजे नुसत्या धास्तीची जागा सावधपणा घेतो.

मनाच्या भीतीलाही हीच रीत लागू पडते. प्रथम ती बोलून दाखवावी. कशाची भीती वाटते, केव्हा वाटते, हे विश्वासाच्या माणसाला सांगावे. छाती धडधडू लागली तर श्वास सावकाश सोडावा. मग एकेक पायरी चढावी. घरात झोपण्याची भीती असेल तर आधी दिवसा सोबतीने उंबऱ्याशी बसावे, पुढे दुपारी घटकाभर आत पडावे, आणि धीर आला की रात्री झोपावे. भीतीपासून सतत पळत राहिले तर ती वाढत जाते.

भ्यालेल्या मुलाला हसू नये, बागुलबुवाही दाखवू नये. झोप उडाली, तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला आणि महिना उलटूनही उतार पडेना, तर डॉक्टरांना दाखवावे. देवदर्शनाने मनाला आधार मिळतो. औषधोपचाराला त्याची आडकाठी नाही. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना पाया उकरून पाहावा लागतो. वरून रंग देऊन तडा बुजत नाही. मनाच्या तड्याचेही तसेच आहे. या नव्या सभामंडपात भजन-कीर्तन तर व्हावेच, पण गावातल्या घाबरलेल्या माणसाला शेजारी बसवून त्याचे ऐकून घेणारेही कोणी असावे. देणगीदारांचे दान त्याने अधिक सार्थकी लागेल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!