मिलिंद कोण होता?

छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाकडे जाताना नागसेनवन लागतं. तिथलं मिलिंद महाविद्यालय आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. कुणाचा भाऊ तिथं शिकला, कुणाची लेक आता शिकतेय. पण मिलिंद कोण आणि नागसेन कोण, असं कुणी विचारलं तर आपण एकमेकींकडे बघतो. म्हणून आज त्या दोघांविषयी.

मिलिंद हा ग्रीक राजा. त्याचं मूळ नाव मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो आपल्या देशाच्या वायव्येला राज्य करत होता. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं, तर दुसऱ्या बाजूला तिथल्या लोकांची प्राकृत भाषा. राजा परका, पण नाणं दोघांनाही वाचता यावं असं! नागसेन हे बौद्ध भिक्खू. दोघांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे.

राजा चर्चेला बोलावतो, तेव्हा नागसेन आधी एक अट घालतात. जाणत्या माणसासारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजासारखी करणार असाल तर नको. जाणती माणसं चर्चेत चूक दाखवली म्हणून रागावत नाहीत. राजाला मात्र कुणी नाही म्हटलं की तो शिक्षा फर्मावतो. मिलिंद अट मान्य करतो.

नागसेन राजाला विचारतात, तुम्ही रथातून आलात ना? मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सगळं जुळलं, की त्याला रथ म्हणायचं. आपली बैलगाडीसुद्धा तशीच की.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढं 1950 साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय सुरू केलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी इमारतीची कोनशिला बसवली. आपल्याकडं नावं द्यायची तर जिंकणाऱ्यांची देतात. बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याचं आणि पटल्यावर मान्य करणाऱ्याचं नाव निवडलं, तेही परदेशी माणसाचं. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

आता ग्रामसभेचं बघू. सरपंच म्हणजे ग्रामसभा का? ग्रामसेवक? इतिवृत्ताचं रजिस्टर? नाही ना. गावातले सगळे मतदार मिळून ग्रामसभा, आणि त्यात आपण आलोच. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. पुष्कळ गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकते. आमच्या गटातल्या एकीनं ग्रामसभेत विचारलं, पाण्याची टाकी बांधली, मग नळाला पाणी का नाही? उत्तर आलं, “बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?” ही झाली राजाची चर्चा.

म्हणून या वेळी आम्ही प्रश्न कागदावर लिहिलाय: टाकीवर खर्च किती झाला, काम कुणाला दिलं, पाणी कधी येणार. खाली बावीस जणींच्या सह्या आहेत. महिला सभेत तो वाचायचा, इतिवृत्तात लिहून घ्यायचा, आणि लिहिलेलं तिथंच मोठ्यानं वाचायला लावायचं. सभेची दवंडी अजून झालेली नाही. सोमवारी आम्ही तारीख विचारायला पंचायतीत जाणार आहोत.