झुडुपाच्या आश्रयाला रोपटे
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



उजाड डोंगरावर वृक्षारोपण करावयाचे म्हटले की आपण प्रथम कोयता हाती घेतो. करवंदीच्या जाळ्या तोडून जागा ‘स्वच्छ’ करतो आणि मग खड्डे घेतो. छायाचित्रे पावसाळ्यात निघतात. वैशाखात तेथे काय उरले, हे पाहावयास सहसा कोणी जात नाही. आज ज्या प्रयोगाविषयी बोलणार आहे तो परदेशातील असला, तरी त्याने बोट ठेवले आहे ते नेमके याच सवयीवर.

दक्षिण स्पेनमध्ये ग्रानादा शहराजवळ सिएरा नेवाडा ही पर्वतरांग आहे. चराई, लाकूडतोड आणि वणवे यांमुळे तेथील अरण्य विरळ झाले. उन्हाळा अगदी कोरडा. लावलेली अनेक रोपे त्यातच दगावतात. झुडूप रोपाचे पाणी पळविते, म्हणून ते आधी उपटावे, अशी तेथेही वनीकरणाची जुनी रीत होती.

होर्खे कास्त्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत तपासून पाहिली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साल्व्हिया या सुगंधी झुडुपाखाली लावलेल्या स्कॉट्स पाइनची सुमारे ५५ टक्के रोपे जगली. उघड्यावर जेमतेम २२ टक्के. ब्लॅक पाइनच्या बाबतीत हेच प्रमाण ८२ आणि ५७ असे होते. शिवाय झुडुपाखाली रोपांची वाढ खुंटली नाही. पुढे २००४ साली लोरेना गोमेझ-अपारिसिओ यांनी १८ हजारांहून अधिक रोपांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा उष्ण, कोरड्या उतारांवर आणि अवर्षणाच्या वर्षी हा आधार अधिक उपयोगी पडतो, असे दिसून आले.

याचे कारण साधे आहे. झुडूप पाणी पिते हे खरेच; परंतु त्याच्या सावलीत माती कमी तापते, ओल टिकते, पालापाचोळा कुजून जमीन कसदार होते. काटेरी असेल तर शेळ्या-मेंढ्यांचे तोंडही सहज पोहोचत नाही. आपल्याकडे हा शेवटचा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. कुंपणाचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांना हे सांगावयास नको!

मात्र प्रत्येक झुडूप धात्री होत नाही. त्याच स्पेनमध्ये सिस्टस वर्गातील झुडुपांखाली रोपांना अपायच झाला. म्हणून परक्या यादीवर विसंबू नये. तेथे काटेरी झुडुपाच्या उत्तरेस रोप लावणे लाभाचे ठरले. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा उत्तरेस सावली कोठून मिळणार? तिसऱ्या प्रहरीचे ऊन पश्चिमेचे, म्हणून पूर्वेची बाजू बरी, असे माझे मत आहे.

येत्या आषाढात वृक्षारोपण कराल, तेव्हा निम्मी रोपे जाळ्यांच्या आडोशाला लावावीत, निम्मी नेहमीप्रमाणे मोकळ्यावर. जात एक, रोपांचे वय एक. प्रत्येकास क्रमांक द्यावा आणि दोन उन्हाळे गेल्यावर जिवंत रोपे मोजावीत. त्या मोजणीच्या दिवशी मला अवश्य बोलवावे.