हळदीचा डाग आणि गिरणीचा नाला

जेवताना सदऱ्यावर वरणाचा पिवळा डाग पडावा आणि साबण लावताच तो लाल व्हावा, हा अनुभव बहुतेकांना असेल. गृहिणी मात्र गोंधळत नाही. लिंबाची फोड चोळली की डाग पुन्हा पिवळा होतो, हे तिला ठाऊक असते. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे सांगतो, तेच येथे हळद सांगते. साबण अल्कधर्मी आहे, लिंबू आम्लधर्मी आहे.

हा भेद किती, हे अंकात सांगण्याची युक्ती सोरेन्सन या डॅनिश रसायनज्ञाने 1909 साली काढली. कोपनहेगनच्या ज्या प्रयोगशाळेत तो काम करी, ती एका बिअरच्या कारखान्याने स्थापिली होती, हे ऐकून काहींना हसू येईल. या अंकास पीएच म्हणतात; मराठीत त्यास 'सामू' असा सुटसुटीत शब्द आहे. शुद्ध पाण्याचा सामू 7. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. मात्र ही शिडी साधी नव्हे. येथील प्रत्येक पायरी दसपटीची आहे. सामू 5 असलेले पाणी 6 च्या पाण्यापेक्षा दहापट, तर 7 च्या पाण्यापेक्षा शंभरपट आम्ल असते.

आता मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरील कडोदऱ्यास जाऊ. सुरत जिल्ह्यातील हे गाव, तसेच जवळची पलसाणा, सचिन, पांडेसरा ही ठिकाणे कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहेत. ताप्तीच्या खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेकडे गेली. तेव्हा हा विषय मराठी घरांना परका नाही. पॉलिएस्टरला रेशमाचा मऊपणा यावा म्हणून ते कढत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धरतात. अल्क धाग्याचा पृष्ठभाग किंचित खाऊन टाकते. पुढे रंग चढविताना उलट तऱ्हा. तेथे ॲसेटिक आम्ल घालून सामू 5 च्या सुमारास राखतात आणि दाबाखाली 130 अंशांपर्यंत तापवितात. सुती कापडावरील रिॲक्टिव्ह रंगांना पुन्हा अल्क हवे. एकाच गिरणीतून असे परस्परविरोधी पाणी बाहेर पडते.

ते पाणी नुसते पातळ करून भागत नाही. 13 सामूचे एक लिटर पाणी 9 वर आणावयाचे तर दहा हजार लिटर पाणी लागेल. म्हणून त्यात आम्ल घालून ते उदासीन करतात. हिशेब पाहा: 40 ग्रॅम कॉस्टिकला 36.5 ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल पुरते, आणि त्यातून 58.5 ग्रॅम मीठ व 18 ग्रॅम पाणी निर्माण होते. सामू 7 झाला, पण मीठ पाण्यातच राहिले. निव्वळ सामूचा आकडा पाहून पाणी निर्मळ ठरविणे मला पटत नाही.

याहून गंभीर गोष्ट नाल्यात घडते. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रासायनिक कचरा सोडला जात असता विषारी वायू पसरला आणि एका गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. आणखी अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. नाल्यातील मिश्रण का भयंकर, हे सल्फाइडच्या उदाहरणाने कळेल. पाणी अल्कधर्मी असेतो सल्फाइड त्यात विरघळून राहते. सामू 9 असता त्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असतो. सामू 7 वर आला की सुमारे निम्मा, आणि 5 वर आला की जवळजवळ सगळाच. मग तो वायू पाण्याबाहेर उसळतो. दोन टाक्यांतील दोन द्रव वेगवेगळे असता त्यातून वायू सुटत नाही. नाल्यात ते एकमेकांस भेटले की हे सारे काही क्षणांत घडते.

या वायूस कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण मात्रा वाढली की तो नाकाची शक्तीच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजून नाल्यात किंवा टाकीत उतरणारा माणूस तेथेच कोसळतो, आणि त्यास काढावयास धावलेला त्याचा सोबतीही. वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत, गटारांत साचून राहतो. श्वसनयंत्र लावलेले बचावपथक येईपर्यंत इतरांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर आणि उंचावर जावे.